सुताराच्या पत्राची पक्की प्रत

मसुदेकाकांनी ज्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली, तिथे त्यांचा एकही कागद साहेबांच्या टेबलावरून दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. हे ते स्वतःच सांगत. नवी ओळख झाली की पाच मिनिटांत सांगत, आणि ओळख जुनी असली तर विसरला असाल म्हणून पुन्हा सांगत. हेडक्लार्क निवृत्त झाला, पण मसुदे लिहायची खोड काही निवृत्त झाली नाही. शेजारणीनं दारावर 'बेल बिघडली आहे, कडी वाजवा' अशी चिठ्ठी लावली, तर काकांनी ती काढून 'घंटा नादुरुस्त असल्याने अभ्यागतांनी कृपया कडीचा वापर करावा' अशी डकवली. बायको होती तोवर म्हणायची, "लग्नाआधी ओळख असती तर तुम्ही मला मागणीसुद्धा तीन प्रतींत घातली असती." ती गेली, घरात दुरुस्त करायला कुणी उरलं नाही, आणि काका हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक झाले.

हॉस्पिस म्हणजे बरं होण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसांची जागा. एक बैठं घर, बारा खाटा, मोठ्या खिडक्या. डॉक्टर आणि सिस्टर दुखणं आवरायला बघतात. स्वयंसेवकांनी पाणी पाजायचं, पेपर वाचून दाखवायचा, कुणाचं पत्र लिहून द्यायचं आणि बरेचदा नुसतं शेजारी बसायचं. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरनी नव्या लोकांना समोर बसवून पाच गोष्टी सांगितल्या. हात धुवा. येणार म्हणालात तर या, नाहीतर कळवा. हातात नाही ते कबूल करू नका. इथलं बाहेर बोलू नका. आणि त्यांचं बोलणं त्यांचंच राहू द्या.

काकांना ही भाषा अगदीच उघडीबोडकी वाटली. पुढच्या आठवड्यात ते एक फ्रेम घेऊन आले. 'सेवाभावी कार्यकर्त्यांची गुणवैशिष्ट्ये व कर्तव्ये', एकूण नऊ कलमं, ठसठशीत अक्षरात. सिस्टरचं शेवटचं वाक्य त्यात 'रुग्णाच्या मनोगताचे यथोचित संवर्धन करावे' असं झालं होतं. सिस्टरनी ते दोनदा वाचलं, काकांकडे पाहिलं आणि फ्रेम हात धुवायच्या बेसिनवर टांगली. तिथे एक खिळा रिकामाच होता.

माणूस वाईट नव्हता हो. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीनच्या ठोक्याला काका हजर. चमच्यानं पाणी पाजताना एक थेंब हनुवटीवर ओघळू देत नसत. कुणाच्या घरची भांडणं कानावर आली तर ती कानातच ठेवत. फक्त त्यांच्या हातात पेन आलं की समोरचा माणूस त्यांना दिसेनासा व्हायचा.

सात नंबरच्या खाटेवर सुतार होता. फुप्फुसाचा आजार, नाकाला ऑक्सिजनची नळी, चार शब्द बोलला की धाप. तरी जीभ शाबूत होती. काकांना तो साहेब म्हणायचा, आणि त्यात आदर कमी, गंमत जास्त. खाटेच्या पायाला हात लावून तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "साहेब, ही खाट ज्यानं केली ना, त्याला इथे आणून झोपवा. मग कळेल त्याला."

त्याला एकच मुलगी. अकरा तासांच्या प्रवासावर राहत होती. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, म्हणून हा लग्नाला गेला नाही. तिच्यासाठी स्वतः केलेलं कपाट रागाच्या भरात विकून टाकलं. त्याला बरीच वर्षं झाली, बोलणं बंद ते बंदच. फोन करायला तो तयार नव्हता. "धाप लागते. आणि तिनं आपटला तर?" म्हणून पत्र लिहायचं ठरलं.

एका मंगळवारी काका पॅड घेऊन बसले. सुतार थांबत थांबत सांगत गेला आणि काकांनी, सवयीप्रमाणे, प्रत्येक शब्द कच्च्या कागदावर उतरवला.

"भुंग्या. हां, भुंग्याच लिहा. लहानपणी खिळा घेऊन माझ्या फळ्यांना भोकं पाडायची. भुंग्या, मी मरायला टेकलोय. डॉक्टर गोड बोलायला लागले, त्यावरून कळलं. तुझ्या लग्नाला आलो नाही, कपाट विकलं, तो गाढवपणा झाला. माझाच. सागवान होतं ग ते. विकताना किल्ली एकच दिली. दुसरी माझ्याकडे आहे. का ठेवली ते विचारू नकोस. यायचं तर लवकर ये. नवऱ्याला पण आण. त्याला शिव्या देणार नाही. एखादी देईन."

एवढं सांगायला त्याला पाऊण तास लागला. शेवटी डोळे मिटून म्हणाला, "वाचून दाखवा एकदा."

"अहो, काळजीच सोडा," काका म्हणाले. "घरी जाऊन पक्की प्रत करतो आणि उद्या सकाळी टाकतो. चौतीस वर्षांत माझा एकही कागद…"

"परत आला नाही," सुतार म्हणाला. "ऐकलंय."

घरी काकांनी दिवा जवळ ओढला आणि कामाला लागले. भुंग्या हा काय मायना झाला? गाढवपणा हा शब्द वडिलांच्या तोंडी शोभतो का? किल्लीचा तर विषयाशी संबंधच नव्हता. आणि मरणाचं असं धडधडीत लिहिलं तर त्या बिचारीला केवढा धक्का बसेल! काकांना तेव्हा आपण फार हळुवार मनाचे आहोत असं वाटलं, हे सांगायलाच हवं. पक्की प्रत अशी झाली:

'चि. सौ. कन्येस अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, सध्या माझी प्रकृती अस्वस्थ असून मन गतकाळातील घटनांचा पुनर्विचार करीत आहे. तुझ्या विवाहप्रसंगी माझ्याकडून जे वर्तन घडले त्याबद्दल खेद वाटतो. तरी सवडीनुसार भेटीचा योग आणावा. तुझ्या यजमानांस सप्रेम नमस्कार.'

वाचून त्यांनाच भरून आलं. पत्र सकाळी पेटीत पडलं. पक्क्या पत्राची एक नक्कल आणि खाली कच्चा कागद, दोन्ही टाचून काकांनी फाइलला लावलं. ऑफिसात याला स्थळप्रत म्हणत.

शुक्रवारी सुतारानं विचारलं, "आलं का काही?" काका म्हणाले, "येईल हो." मंगळवारी पुन्हा तेच. त्या पुढच्या शुक्रवारी त्यानं विचारलं नाही. काकांनी पाण्याचा चमचा पुढे केला, तेव्हा तो खिडकीकडे बघत म्हणाला, "वाचलं असेल तिनं. सगळं वाचून पण नाही आली. म्हणजे मी तेवढा वाईट आहे. बरोबर आहे तिचं." काकांनी 'धीर धरा' वगैरे सांगितलं. सुतारानं ते ऐकलं नाही. जेवण तर त्याचं आधीच दोन घासांवर आलं होतं, आता तेही सुटलं.

त्यानंतरच्या मंगळवारी काका हात धूत असताना मोठ्या सिस्टरनी हाक मारली. ऑफिसच्या खोलीत फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता.

"सुतारांची मुलगी आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती विचारतेय, तिला मागच्याच्या मागच्या शुक्रवारी आलेला कागद तुमच्या संस्थेचा छापील असतो का. सगळ्यांच्या घरी हाच पाठवता का, म्हणते. म्हणे, माझा बाप आशीर्वाद देणाऱ्यातला नाही आणि यजमान तर मुळीच म्हणणार नाही. त्यांनी स्वतः बोलावलं असतं तर मी त्याच दिवशी निघाले असते." सिस्टरनी विचारलं, "पत्र कुणी लिहिलं?"

खोटं बोलायला जागा होती. 'त्यांनीच तसं सांगितलं' म्हटलं असतं तर कुणी पडताळायला जाणार नव्हतं. ते वाक्य काकांच्या ओठांपर्यंत आलं होतं, हेही सांगायला हवं. पण सिस्टर त्यांच्या हातांकडे बघत होत्या. हात अजून ओलेच होते.

"लिहिलं मी," काका म्हणाले. "सांगितलं त्यांनी वेगळं होतं."

फाइल पिशवीत होती. सिस्टरनी फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी कच्चा कागद वाचायला सुरुवात केली. 'भुंग्या' म्हटल्याबरोबर पलीकडचा आवाज एकदम थांबला. गाढवपणा, सागवान, किल्ली, एखादी शिवी, सगळं वाचून झालं. मग बाई म्हणाली, "मरायला टेकलोय म्हणाले होते? आणि तुम्ही मला 'सवडीनुसार' लिहिलंत?" काकांनी कागद खाली ठेवला. "निघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"आता त्यांना सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत तर…"

"मी नाही बदललं पत्र."

ऑफिसच्या खोलीपासून सात नंबरची खाट वीस पावलं असेल. काकांचे पाय इतके जड साहेबांच्या केबिनकडे जातानाही कधी झाले नव्हते. स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. सुतारानं मान वळवली.

"काय पाठवलंत ते वाचा."

"राहू द्या ना."

"वाच म्हणतो!"

सहा नंबर आणि आठ नंबर दोघेही जागे होते. काकांनी आपली पक्की प्रत मोठ्यानं वाचली. त्या दिवशी घरी जे वाचून भरून आलं होतं, त्यातला एकेक शब्द आता तोंडातून बाहेर काढताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. 'यजमानांस' पाशी आठ नंबरला हसू फुटलं आणि त्याचा खोकला झाला.

"हा म्हातारा कोण?" सुतार म्हणाला. "मी नाही ओळखत याला." मग बराच वेळ श्वास गोळा करून त्यानं विचारलं, "म्हणजे माझं पत्र तिला मिळालंच नाही?"

"नाही."

"मग तिनं नाही म्हटलंच नाही मला."

"नाही हो. आज ऐकलं आणि निघाली."

सुताराच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला काकांनी हात पुढे केला, तो त्यानं बाजूला सारला. "किती दिवस मी असा पडलोय भिंतीकडे बघत. माहीत आहे?" तो म्हणाला. "फळी सरळ करायला दिली तुम्हाला. रंधा मारून मारून भुसा केलात." त्यानंतर त्या दुपारी तो काकांशी बोलला नाही. काका स्टुलावर बसून राहिले, कारण उठून जायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा वार नव्हता, तरी ते आले. मुलगी दुपारी पोचली. अंगापिंडानं बापासारखी, हातात एकच पिशवी, सोबत नवरा. पहाटेपासून सुतार गुंगीत गेला होता. हाक मारली तर पापणी हलायची, एवढंच. मुलगी कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाबा, भुंग्या आलाय." पापणी हलली. ती सगळ्यांसाठीच हलत होती, त्यामुळे त्याचा अर्थ काय घ्यायचा, कुणालाच ठरवता आलं नाही. सिस्टरनी उशीखालून दोऱ्यात ओवलेली पितळी किल्ली काढून तिच्या हातात दिली. मुलीनं मूठ मिटली आणि काकांकडे पाहिलं.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मला मिळालं, तेव्हा ते बोलत होते?"

"हो."

"काल मी फोन केला तोपर्यंत?"

"काल संध्याकाळपर्यंत."

तिनं मनाशी दिवस मोजले. काकांनी ते आधीच मोजून ठेवले होते. "अकरा," ते म्हणाले. ती ओरडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर काकांना बरं वाटलं असतं. ती नुसती मान हलवून बापाकडे वळली. सुतार पुढे दीड दिवस होता. एक शब्द बोलला नाही.

शुक्रवारी काकांनी राजीनामा दिला. 'प्रकृती-अस्वास्थ्य व काही अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव सेवेतून मुक्त करण्यात यावे ही नम्र विनंती.' सिस्टरनी कागद वाचला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

"हे परत घ्या. कुणाला कसलं अस्वास्थ्य आहे? काय झालं ते लिहा."

आयुष्यात परत आलेला पहिला कागद हातात घेऊन काका बेसिनजवळच्या बाकावर बसले. डोक्यावर त्यांचीच फ्रेम होती, नऊ कलमांची. तासाभरानं ते आत गेले. कागदावर एवढंच होतं: 'सुतारांनी सांगितलेलं पत्र मी बदललं. पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं नाही. त्यांची मुलगी अकरा दिवस उशिरा आली. मला लाज वाटते.'

सिस्टरनी तो कागद ठेवून घेतला. "ती फ्रेम काढा," म्हणाल्या. "आणि मंगळवारी या."

"मी? कुठल्या तोंडानं येऊ?"

"याच. पुढच्या महिन्यात नवे लोक येतायत. हे तुम्ही वाचून दाखवायचं."

तेव्हापासून दर नव्या तुकडीला सिस्टर त्यांच्या पाच गोष्टी सांगतात आणि मग काका उठतात. चारच वाक्यं, तोंडपाठ झालेली, तरी कागद हातात लागतो. तिसऱ्या वाक्यापाशी आवाज दर वेळी अडकतो, कान दर वेळी तापतात. बसून वाचलं तरी चालेल, असं सिस्टर म्हणतात. काका उभं राहूनच वाचतात. बसून वाचलं तर मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जात नाही.