सरळ केलेलं दार

माझी ताई तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होती. मग छापील पाट्या आल्या आणि तिचं काम बसलं. आता ती मुलांच्या वाढदिवसांना रंगांच्या पार्ट्या घेते आणि मी, तिचा निवृत्त धाकटा भाऊ, बादल्या उचलतो. "त्याला तेवढंच जमतं," असं ती चारचौघांत सांगते. मला राग येतो, पण खोटं काही नाही.

वयाप्रमाणे तिची मांडणी ठरलेली. तीन-चार वर्षांची पिल्लं खाली, जुन्या चादरीवर. त्यांच्यासाठी मैद्याची खळ करून त्यात खाण्याचा रंग घालायचा, कारण निम्मा माल पोटातच जातो. पाच ते आठवाल्यांना बुटकं टेबल, जाड ब्रश आणि बटाट्याचे ठसे. नऊच्या पुढच्यांचे कागद भिंतीला चिकटवायचे, म्हणजे ती उभ्यानं रंगवतात आणि कोपराकोपरीची भांडणं होत नाहीत. तेरा-चौदाची मंडळी मुळात लहानांच्या पार्टीला यावं लागलं म्हणून तोंड पाडून असतात. त्यांना लांबच्या कोपऱ्यात कापडी पिशव्या रंगवायला द्यायच्या, काळा रंग भरपूर ठेवायचा आणि चुकूनही सल्ला द्यायचा नाही.

त्या दिवशी वाढदिवस होता एका सात वर्षांच्या मुलीचा. ती माणसं नव्या घरात येऊन दोनच आठवडे झाले होते. खोल्यांमध्ये अजून न उघडलेली खोकी होती. आम्ही सामान आत आणत होतो तेव्हा तिची आई हळूच म्हणाली, "इथे आल्यापासून ही धड बोलतच नाही हो. आज जरा रमली तर फार बरं होईल."

"रमेल की! न रमायला काय झालं?" ताई म्हणाली. या बाबतीत तिला भारी घमेंड.

आणि पोरगी खरंच रमली. शेजारची मुलं एकमेकांच्या गालांवर ठसे मारत होती, पण हिचं तिकडे लक्ष नव्हतं. जिभेचं टोक बाहेर काढून ती घर रंगवत होती. लाल छप्पर, दोन खिडक्या आणि एका बाजूला कललेलं निळं दार. आई लांबून बघून गेली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली.

तेवढ्यात ताई त्या मुलीच्या मागे येऊन थांबली. वाकडी रेघ दिसली की ताईच्या हाताला चैन पडत नाही. जन्मभर हिनं दुसऱ्यांच्या पाट्या सरळ केल्या. मला कळलं पुढे काय होणार, पण माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. ताईनं वाकून एकाच फटक्यात दार सरळ केलं. रेघ अशी की फूटपट्टीनं मान खाली घालावी.

मुलीनं कागदाकडे पाहिलं. ब्रश खाली ठेवला आणि ओला कागद तसाच पालथा घातला.

"काय झालं गं?" ताई म्हणाली.

"आमचं दार तसंच होतं. जुन्या घराचं. बाबा खांद्यानं ढकलायचे तेव्हा उघडायचं." मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "हे आमचं घर नाही."

केक कापायला बोलावलं तरी ती उठेना. आई आमच्याकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं. "काय नडलं होतं गं तुझं?" मी ताईला म्हणालो. एरवी तिनं मला सोलून काढलं असतं. त्या दिवशी तिनं हातातला ब्रश पुसून ठेवला आणि मला एकदम तिची दया आली.

गुडघे दुखत असूनही ती त्या मुलीशेजारी जमिनीवर बसली. कोरा कागद घेऊन तिनं आमच्या घराचं दार काढलं, चौकट, कडी सगळं रेखीव. ब्रश मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "माझं चुकलं. मी तुझ्या चित्राला न विचारता हात लावला. हे आमच्या घरचं दार. आता तू ते हवं तसं वाकडं कर. फिट्टंफाट."

मुलीनं ब्रश धरला. चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमचं दार खरंच असं सरळ आहे?"

"हो."

"मग मी कशाला वाकडं करू?" तिनं ब्रश परत दिला.

ताईचे डोळे भरून आले. तिनं ते लपवलंही नाही. नाक पुसून तिनं दुसरा कोरा कागद मुलीपुढे सरकवला.

"तुमचं दार कुठे अडायचं, मला दाखवशील?"

मुलगी पुढे सरकली. मग तिनं निळा रंग घेतला. "वरून बरोबर होतं," ती सांगू लागली, "पण खाली, इथे..." आणि रेघ तिरकी निघाली.

ताईनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती नुसती बघत राहिली.