आहेराची सफारी

माझे खांदे लहानपणापासून उतरते. आई म्हणायची, याच्या अंगावर कपडा टिकतच नाही. नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे दोन पँटी आणि चार शर्ट होते, त्यातले दोन मोठ्या भावाच्या अंगावरून उतरलेले. ते घालून मी माजिवड्याला, हायवेच्या कडेला असलेल्या एका कंपनीच्या ऑफिसात कारकून म्हणून बसू लागलो. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण ज्याने काढली तो नक्की माझ्यासारखा कारकून असणार. केबिनमधून बाहेर येणारा साहेब आधी माझ्या कॉलरकडे बघतो आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडे, ही माझी पक्की समजूत होती. कॉलर झिजली की बायको ती उसवून उलटी शिवून द्यायची. जवळून बघणाऱ्याला ते कळतंच, म्हणून मी साहेबांशी मान खाली घालून बोलायचो. लोक त्याला नम्रपणा म्हणायचे. मीही म्हणू द्यायचो.

ऑफिसात मला माणसात आणलं ते मामांनी. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने शिपाई. दिव्याच्या जुन्या गावातले. आजूबाजूला भराभर चाळी उठायच्या आधीपासून त्यांचं घर तिथे होतं. पहिल्या दिवशी मी बसमधून उतरलो तो ट्रकांची धूळ खात दारापर्यंत पोचलो. मामांनी मला बाजूला घेतलं, खिशातून पिवळं फडकं काढलं आणि बूट पुसायला लावले. साहेब लोक खालून वर बघत येतात, म्हणाले. तेच फडकं त्यांनी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मामांची स्वतःची खाकी मात्र बघण्यासारखी असायची. पितळी तांब्यात निखारे घालून ते घरी इस्त्री करत. त्या खाकीची घडी माझ्या शर्टापेक्षा कडक असायची, आणि खरं सांगायचं तर मला त्याची थोडी चीडही यायची. वयाने बापासारखे असून मला ते 'भाऊ' म्हणायचे, आणि त्यांच्याकडच्या रीतीने सरळ 'अरे-तुरे' करायचे. ऑफिसात माझ्याशी असं घरच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

नोकरीला आठ वर्षं झाली आणि असिस्टंट ऑफिसरची एक जागा निघाली. ही जागा पस्तिशीच्या आत मिळाली तर मिळाली, नाहीतर जन्मभर हॉलमध्येच बसायचं, असा तिथला रिवाज होता. मी चौतिशीत होतो. मला ती जागा हवी होती. हातांची खुर्ची हवी होती, टेबलावर काच हवी होती, आणि हॉलच्या त्या गर्दीतून उठून काचेच्या पार्टिशनमागे जायचं होतं. मुलाखतीला तिघे होतो. बाकीच्या दोघांपैकी एकाकडे सफारी होती. आज सफारी म्हटलं की लोकांना गाडीचा ड्रायव्हर आठवतो, पण तेव्हा ते साहेबाचं अंग होतं. त्या माणसाला येत काही नव्हतं. पण सफारीत तो उभा राहिला की आम्हीसुद्धा त्याला वाट द्यायचो.

त्याच सुमाराला मामांच्या मुलीचं लग्न झालं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला मी ठाण्यात तीन-चार खेपा घातल्या होत्या. एवढंच माझं काम. दिव्याला घरासमोरच मांडव होता, पाण्याचे ड्रम रांगेने लावले होते. जेवण झाल्यावर मामांनी मला नातेवाइकांसमोर पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि त्यावर कापडाचा तुकडा ठेवला. मला टॉवेल-टोपीची अपेक्षा होती. बघतो तर करड्या रंगाचं, स्टीलसारखी झाक असलेलं टेरिकॉट, चांगलं सफारी होईल एवढं. मामा कानाशी वाकून म्हणाले, मुलाखतीला घडी मोड. मला भरून आलं. घरी आल्यावर बायकोने तुकडा उलगडला आणि काठावर मिलचं नाव नाही म्हणाली, तिथून कापलेलं होतं. मी तिला गप्प केलं. आहेराच्या कापडाचे काठ कुणी बघतं का, म्हणालो.

डोंबिवलीला फडके रोडच्या एका गल्लीत आमचा शिंपी होता. त्याला मी लाजत लाजत सांगितलं की खांद्यात काहीतरी घाल. त्याने आतून कॅनव्हासच्या पट्ट्या घातल्या. ट्रायलला आरशासमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे खांदे सरळ दिसले. हसू नका, पण त्या दिवशी घरी जाताना मी भाजीवालीशीही वेगळ्या आवाजात बोललो. सफारी पिशवीत होती, अंगावर नव्हती, तरी.

मुलाखत दिवाळीच्या आधी व्हायची होती. मुंबईच्या मुख्य कचेरीतून येणारे साहेब आजारी पडले आणि ती नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात गेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मामा मात्र त्या दिवसांत अस्वस्थ होते. दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन नुसतं टेबल पुसून गेले. आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच, उद्या सफारीच घालणार का. पांढरा शर्टपण तुला शोभतो, म्हणाले. मी वैतागलो. एवढा प्रेमाने आहेर दिलात आणि आता शर्ट घाल म्हणता, असं काहीतरी तोडून बोललो. ते हसल्यासारखं करून निघून गेले.

मुलाखतीच्या दिवशी बसमध्ये जागा असूनही मी ठाणे स्टेशनपासून माजिवड्यापर्यंत उभा राहिलो, चुण्या पडू नयेत म्हणून. दारापाशी बूट पुसले. आत शिरलो आणि हॉलच्या बाकावर बसलेले आमचे तीन शिपाई उठून उभे राहिले. तिघांच्या अंगावर करडी सफारी होती. स्टीलची झाक असलेली. माझीच.

कंपनीने त्या वर्षापासून शिपायांची खाकी बंद करून नवा युनिफॉर्म काढला होता. कापड उन्हाळ्यातच स्टोअरमधून वाटलं होतं, घालायचं मात्र नव्या वर्षापासून. आम्हा कारकुनांना याची खबर असायचं कारण नव्हतं, शिपायांच्या कपड्यांकडे कोण बघतो. मामांनी स्वतःच्या वाट्याचा तुकडा मला आहेर केला होता. मुलाखत दिवाळीआधी झाली असती तर कुणाला काही कळलं नसतं. स्वतः ते त्या दिवशी जुन्याच खाकीत, चहाच्या खोलीच्या दाराशी उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. मी मुलाखतीच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून उभा राहिलो. मुख्य कचेरीचे साहेब फाइल वाचत समोरून आले, एक करडी बाही त्यांना दिसली असणार. मान वर न करता म्हणाले, "पाणी आण रे."

मी आणलं. मामांच्या चहाच्या खोलीतून ग्लास घेतला, भरला, बशीत ठेवला आणि आत नेऊन दिला. मी उमेदवार आहे, एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. हे मी पुढे कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आठ वर्षं मान खाली घालायची सवय होती, ती त्या कपड्याने पक्की केली.

दहा मिनिटांनी माझं नाव पुकारलं आणि मी त्याच खोलीत जाऊन त्याच साहेबांसमोर बसलो. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेजारी बसलेल्या आमच्या पर्सोनेल मॅनेजरांचा चेहरा उतरला. ही युनिफॉर्मची सफारी तुमच्याकडे कशी, त्यांनी विचारलं.

बाजारातून घेतली म्हणून सांगता आलं असतं. एकाच रंगाचं कापड दोन ठिकाणी मिळू शकतं, कोण ताडून बघणार होतं. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. मी शिपाई नाही हे मला त्या क्षणी त्या दोघांना ओरडून सांगायचं होतं.

"मामांनी दिली," मी म्हणालो. "मला फसवलं त्यांनी, सर."

आणि मग जे झालं त्याची मला आजही शरम वाटते. ते वाक्य बोलल्यावर माझा आवाज सुटला. राग असा चढला होता की मी मान वर करून, साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलत राहिलो. विचारलेल्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं. आठ वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं तेही सांगितलं. जो आत्मविश्वास मी शिंप्याकडे मागत होतो तो मला एका म्हाताऱ्या माणसाचं नाव सांगून मिळाला. खोलीचं पार्टिशन पातळ होतं, आणि पलीकडे चहाची खोली होती.

चौथ्या दिवशी मला बढतीचं पत्र आलं. त्याच दिवशी मामांना मेमो मिळाला. कंपनीचं कापड परस्पर दिल्याबद्दल खुलासा करा आणि आठ दिवसांत युनिफॉर्ममध्ये हजर व्हा, नाहीतर कामावरून कमी करू. निवृत्तीला त्यांची दीड वर्षं उरली होती. नवा तुकडा मिळणार नाही, दिलेलाच दाखवायचा. बाकीच्या शिपायांनी हे मला सांगितलं, आणि सांगून तिथेच घुटमळत उभे राहिले. मामा स्वतः काही मागायला आले नाहीत. करड्या कपड्यांमध्ये एकटे खाकी घालून ते फिरत होते, आणि आपण कुठूनही आलो तरी नजर आधी त्यांच्यावरच जात होती.

घरी पेढे वाटून झाल्यावर मी मेमोचं आणि मुलाखतीत मामांचं नाव घेतल्याचं सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, सफारी परत करा. मी म्हणालो, आहेर परत करत नाहीत, देणाऱ्याचा अपमान होतो, ही काय रीत आहे का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, साहेबांसमोर बसला होतात तेव्हा रीत कुठे गेली होती. मी उठून गॅलरीत गेलो.

सातव्या दिवशी मी सफारी धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. चहाच्या खोलीत मामा एकटे कप विसळत होते. पुडकं मी ओट्यावर ठेवलं. माफीचं वाक्य बसमध्ये चांगलं जुळवलं होतं, ते आलंच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी उलट त्यांनाच विचारलं, मामा, आधी सांगितलं का नाहीत.

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले.

"सांगनार कसा?" ते म्हणाले. "आहेर देऊन बसलो. मग येऊन सांगू काय, भाऊ, ह्यो तुझा नाय, शिपायाचा हाय?"

त्यांनी पुडकं उलगडलं, शर्ट झटकून धरला, आतली शिलाई चाचपून बघितली. शिंपी चांगला आहे, म्हणाले. मग पुडकं पुन्हा नीट बांधलं आणि म्हणाले, "चला साहेब, तुमचं नवं टेबल पुसलंय." साहेब हा शब्द त्यांनी माझ्यासाठी तेव्हा पहिल्यांदा वापरला. चिडून नाही, टोमणाही नव्हता. बाकीच्या साहेबांना म्हणत तसंच म्हणाले, आणि भाऊ काही पुन्हा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते सफारी घालून आले. पँट खालून दोन बोटं दुमडली होती. शर्टाला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. तो माझ्या मापाचा, त्यांना मांडीपर्यंत येत होता, आणि माझ्या हौसेचा कॅनव्हास त्यांच्या म्हाताऱ्या खांद्यांवर दोन्ही बाजूंनी ताठ उभा होता. दोन टाके उसवले असते तर त्या पट्ट्या निघाल्या असत्या. तांब्याने इस्त्री करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं होणार नाही. पण त्यांनी त्या निवृत्त होईपर्यंत काढल्या नाहीत, आणि काढा असं म्हणायचं तोंड मला नव्हतं.

मी काचेमागे बसू लागलो. नवे शर्ट शिवले, कॉलर उलटायची वेळ पुन्हा आली नाही. रोज अकराला आणि चारला दार ढकलून ते खांदे आत यायचे, "साहेब, चहा" म्हणायचे आणि कप काचेवर ठेवायचे. समोर नेमका कुठलातरी कागद असायचाच. त्यात बघत, मान वर न करता, मी तो कप जवळ ओढून घ्यायचो.