अस्लमने न फोडलेलं वेष्टण

राजिवड्याच्या अस्लमवर माझ्याइतकं कुणी जळलं नसेल, आणि माझ्याइतकी त्याची वाटही कुणी पाहिली नसेल. त्याच्या बायकोने, रहिमाभाभीनेसुद्धा नाही.

अस्लम जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो, मी मिरजोळ्याला आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. कॉलेजात आमची गाठ पडली ती एका कॅसेटमुळे. त्याच्या मामूने बोटीवरून येताना आणलेली, इंग्लंडच्या एका पोस्ट-पंक बँडची. बँडचं नाव मी कुणाला सांगत नाही. आमच्यात तिसरा कशाला? गाणारा गातोय की भांडतोय ते कळत नाही, पण बेस गिटार अशी रेटत नेते की बसवत नाही.

तेव्हाच नियम ठरला. नवा अल्बम निघाला की अस्लमने बंदरात विकत घ्यायचा, पण वेष्टण फोडायचं ते माझ्या घरी, दोघांनी मिळून. तोवर एक गाणंही ऐकायचं नाही. असे सहा अल्बम झाले. एकासाठी मी अकरा महिने कळ काढली, कारण हे महाशय ब्राझीलकडे अडकले होते.

त्याचं सगळंच मला खुपायचं. त्याने तो बँड प्रत्यक्ष पाहिला, इंग्लंडात, पहिल्या रांगेतून. मी रजा काढून फार तर गुहागरला जातो. तिकिटाचा तुकडा त्याने मलाच आणून दिला. मी तो भिंतीवर लावला आणि रोज त्याच्याकडे बघून चरफडलो.

यंदा सोळा वर्षांनी त्यांचा नवा अल्बम आला. अस्लमने रॉटरडॅमहून फोन केला, "अरे संदेश, घेतलाय. दोन महिन्यांनी येतो." फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. तिकडे त्याला कोण बघतंय? हा माझ्याआधी ऐकणार आणि इथे येऊन साळसूदपणे बसणार. मग मीच का मागे राहू? जेवणाच्या सुट्टीत कारखान्यामागे बसून मी मोबाईलवर अख्खा अल्बम ऐकला. पंधरवड्यात पाठ झाला.

अस्लम आला. वेष्टणाला नखही लागलेलं नव्हतं. त्याने ते माझ्याच हातात दिलं, "फोड तू." मी फोडलं. सीडी लावली, आणि चेहरा जमेल तेवढा कोरा ठेवला.

चौथं गाणं मध्येच थांबतं. चांगली दहा-बारा सेकंदं काही नाही. सीडी अडकली समजून अस्लमने बटणाकडे हात नेला.

"थांब, येतंय," मी म्हणालो.

आणि गाणं आलं.

त्याने हात मागे घेतला. "तू आगुदरच आयकलंस ना रे?"

"मला वाटलं, तूही ऐकला असशील."

"आमचो सेकंड इंजिनीअर ब्रिटिश. मेसमध्ये रोज जेवताना ह्येच लावी," अस्लम म्हणाला. "मी ताट घेऊन डेकवर जायचो."

दोन महिने. उत्तर समुद्रातल्या वाऱ्यात, उभ्याने जेवत. मला माझी लाज वाटायला हवी होती आणि वाटलीही. पण त्याच्याही आधी जे वाटलं ते खरं सांगतो. मला पुन्हा त्याचा हेवा वाटला.