गोऱ्यांची गायन पार्टी

सुनंदाताई जाधव पॅकिंगला बसून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या तपासायच्या आणि तपासताना ठेक्यात मान हलवायच्या. सुपरवायझरला वाटायचं, बाई कामात रंगली आहे. खरं तर त्यांच्या डाव्या कानात, केसांखाली, इअरफोन असायचा. मरोळच्या त्या कारखान्यात मी स्टोअरला लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो ओढून माझ्या कानात खुपसला. आत ड्रम, व्हायोलिन आणि पिशवीत हवा भरून वाजवायचा तो बॅगपाइप एकमेकांच्या उरावर बसले होते आणि एक माणूस जीव तोडून ओरडत होता.

“कोणाची वरात आहे, ताई?” मी घाबरून विचारलं.

“वरात नाय रे. भांडण. पण सुरात!”

ते आयर्लंड-स्कॉटलंडकडचं केल्टिक फोक पंक होतं. म्हणजे तिकडची जुनी गावगाणी, पंक नावाच्या आरडाओरडीच्या रॉकच्या दणक्यात. विक्रोळीला घरी मोबाइलवर भीमगीतांचा रेडिओ शोधताना ताईंचं बोट चुकून भलत्याच स्टेशनवर पडलं आणि तिथेच राहिलं. त्यांचे वडील भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. “ही गोऱ्यांची गायन पार्टी आहे,” त्या सांगायच्या. “जमीन गेली, काम गेलं, मालकाने लाथ घातली, तरी आवाज वरच. शब्द कशाला कळायला पायजेत? शिवी कुठल्याही भाषेतली कळते ना?”

ते इंटरनेट स्टेशन परदेशातले चार हौशी लोक चालवत. ताईंनी त्यांना मोडक्या इंग्रजीत इतके मेसेज पाठवले की कंटाळून त्यांनी रविवार दुपारचा एक तास ताईंनाच देऊन टाकला. सगळा कार्यक्रम फोनवरून. ऐकणारे फार तर पंधरा-वीस, त्यातले निम्मे कुठल्यातरी थंड बंदरांवरचे कामगार. ताई मराठीत बोलायच्या, मधेमधे इंग्रजी पेरायच्या आणि मागे स्वयंपाकघरात शिट्टी झाली तर म्हणायच्या, “सॉरी हां, दिस इज नॉट बॅगपाइप, दिस इज डाळ.”

मॅनेजर एकदा म्हणाले, “जाधवबाई, या वयात भजनं ऐकावीत.”

“साहेब, तुमचं वय झालं का? पाठवू भजनाची लिंक?”

मग कारखाना गुजरातला हलवायचं ठरलं आणि आम्ही बत्तीस जण एका नोटिशीत घरी बसलो. शेवटच्या दिवशी मुख्य ऑफिसातून एक साहेब आले. आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणाले, एकाचंही नाव न घेता पेढा खाल्ला आणि गाडीत बसले. प्रेस मशीनवरचे आमचे सगळ्यात जुने कामगार, पाटीलमामा, हातात पेढा धरून तसेच उभे राहिले.

“नाव तरी घ्यायचं,” ते पुटपुटले.

ताईंनी ते ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टेशनवाल्यांना मेसेज करून लगेचची वेळ मागून घेतली आणि थेट पॅकिंगच्या टेबलावर चढल्या. “लाइन लावा रे! सगळ्यांनी रेडिओवर जायचंय. नाव, काम, किती वर्षं, बस. भाषण कोणी ठोकलं तर खाली ढकलीन.”

मामा लाजले. “त्यांना मराठी कुठे कळतं, सुनंदा?”

“साहेबाला कळत होतं ना? काय उपयोग झाला?”

मामांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “दत्ताराम पाटील. प्रेस मशीन. एकतीस वर्षं.” मग एकेक जण पुढे आला. माझी वर्षं सहाच, पण तीही मी ठणकावून सांगितली.

लाइन संपली. ताई गाणं लावणार, तेवढ्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. मी तो मराठीत वाचून दाखवला: “एकतीस जण झाले. आता आमच्याशी दर रविवारी बोलणाऱ्या बाईचं नाव कळू दे.” कारण रेडिओवर त्या कायम नुसत्या ‘मुंबई आंटी’ होत्या.

ताई टेबलावरून उतरल्या, पदर सारखा केला, जणू कोणी बघणार होतं. “सुनंदा महादेव जाधव,” त्या म्हणाल्या. “पॅकिंग. बावीस वर्षं.” शेवटच्या शब्दाला आवाज फुटला, तशी त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि गाणं लावलं. मग आम्ही बत्तीस जण, मामांसकट, एका अक्षराचाही अर्थ न कळता नाचलो.

त्यांचा आवाज अजूनही रविवारी ऐकतो. पण त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी, फाटकाशी. वॉचमन आम्हाला हुसकायला आला होता. ताईंनी फोन त्याच्या तोंडापुढे धरला आणि दटावलं, “आधी नाव सांग. मग बाहेर काढ.”