बहिणीचा संशय आणि माझाही

खांदा कॉलनीकरांनो, माझी धाकटी बहीण सीमा आठवते ना, शाळेत शिकवणारी? गेले काही आठवडे ती आमच्या हातचा चहा पीत नव्हती. "तुम्ही त्यात काहीतरी घालता," म्हणायची. मानसोपचाराच्या गोळ्यांनी फरक पडेना, वर फिटचे झटके यायला लागले.

आज मेंदूविकारांचे नवे डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे. तिची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलीय. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत दिसलं. यावर औषध आहे."

मला त्यांचाच संशय आला. रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनीही तेच सांगितलं.

सीमाने सलाइन लावून घेतलं, पण बाटलीवरचं औषधाचं नाव आधी मला वाचायला लावलं. "दादा, खोटं नाही ना सांगत?"

अचानक बदललेल्या माणसाच्या मेंदूचीही तपासणी करतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?