चायना ग्रासच्या गाठी

पुण्यात तोंड पाहून माणसाची किंमत ठरवणारे पुष्कळ आहेत. थेट यकृत पाहून ठरवणारी एकच, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना आम्ही ताई म्हणतो. गाठ कॅन्सरची की साधी हे सोनोग्राफीतच नीट कळावं, विनाकारण कुणाला तपासणीची सुई टोचावी लागू नये, म्हणून ताईंनी उमेदीची सगळी वर्षं एका यंत्रापायी घालवली. मी भूगोलाचा मास्तर. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते न बघताच तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. यंत्र पारखायला ताई चायना ग्रासचे मऊ गोळे करत, त्यांत एखादी घट्ट गोळी दडवत आणि स्वतःचा फ्रिज भरला की आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवत. एका दुपारी मी त्यातला एक मिटक्या मारत संपवला आणि वर फोन करून कळवलं, "ताई, छान जमलंय. साखर तेवढी विसरलात."

पलीकडून ताई म्हणाल्या, "तो खाऊ नव्हता, गाठीचा नमुना होता. आतली गोळी लागली का दाताला?"

"नाही बुवा."

"यंत्राला लागली होती. तुमच्यापेक्षा बरं आहे म्हणायचं."

पुढे माझ्याच मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा मी भर मे महिन्यात मफलर गुंडाळून हिंडलो. बायकोला सर्दी सांगितली. ताईंनी दारातूनच ओळखलं. "उद्या नऊला तयार राहा."

"मी घाबरलो वगैरे नाही हं, ताई."

"दिसतंय ना. घाम पुसा आधी."

विश्रांतवाडीच्या एका दवाखान्यात त्यांचं यंत्र बसवलं होतं. बाकावर बसून मी मनातल्या मनात स्वतःची शोकसभा भरवत होतो. भाषणं बरी चालली होती. इतक्यात आतून एक बाई फोनवर बोलत आल्या, "अगं, साधीच आहे गाठ. सुईसुद्धा नको म्हणाले. तू कुकर लाव, मी आलेच." फोन ठेवला आणि आमच्याशेजारी बसून हमसून रडायला लागल्या. यंत्र कुणाचं ते सांगायला मी तोंड उघडलं, तर ताईंनी माझं मनगट दाबलं. बाईंना पाण्याची बाटली दिली.

डोळे पुसत बाईंनी विचारलं, "तुमचा नंबर कितवा हो?"

"माझा नाही, ह्या जावईबापूंचा. जरा घाबरट आहेत."

मग त्या बाईंनीच मला धीर दिला.

माझीही गाठ साधी निघाली. बाहेर येऊन मी ताईंना तसं सांगितलं. टोमणा येईल म्हणून थांबलो, पण त्या चष्मा काढून पदराने कितीतरी वेळ पुसत राहिल्या. चष्म्याशिवाय त्या किती थकलेल्या दिसतात, ते मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.