पाडव्याचं लाल परकर-पोलकं

भूकंपानंतर टोकियोजवळच्या उरायासुत भाडी उतरली, म्हणून आम्हाला तिथे बऱ्यापैकी घर मिळालं. रस्त्यावरचे विजेचे खांब अजून तिरकेच होते. लेक जपानी शाळेत जायची. शाळेच्या मीटिंगांना नवरा जायचा, कारण माझं जपानी भाजी आणि कचरा एवढ्यापुरतंच. वर्षभर पोरगी मधल्या सुट्टीत एकटी बसायची. मग एकदाची तिला मैत्रीण मिळाली.

त्या मैत्रिणीचं अख्खं घर फुटबॉलवेडं. आई, बाप, आजीसुद्धा पिवळे शर्ट घालून आपल्या भागातल्या टीमसाठी गोलामागच्या स्टँडमध्ये उभं राहून गाणार. त्यांनी हिला मॅचला बोलावलं. बरोबर मोठं कोणीतरी असावं, एवढीच अट. लेक आठवडाभर हवेत होती.

नेमका त्याच दिवशी पाडवा आला. नवऱ्याला ऑफिस. मी बाल्कनीत गुढी उभारली, लाल साडी नेसले आणि आईने पुण्याहून पाठवलेलं लाल परकर-पोलकं बाहेर काढलं. लेक आधीच पिवळा टीशर्ट घालून तयार!

"आई, लाल नको ना. तिथे चालत नाही लाल."

"सणासुदीला टीशर्ट? काही नाही! लाज वाटते का गं तुला आपल्या कपड्यांची?"

"तसं नाही गं..." म्हणत ती अर्धं जपानीत काहीतरी समजावू लागली. पण ऐकून घेईल ती मी कसली! शेवटी तिने मुकाट्याने परकराची नाडी बांधली.

थंडी होती, तरी स्टेडियमच्या दाराशी मी दोघींचे कोट काढून हातावर घेतले. नवे कपडे दिसायला नकोत? तिथल्या माणसाने कमरेत वाकून साडीकडे हात केला आणि काहीतरी सांगितलं. झालं, माझं डोकंच सणकलं. "साडीला अडवतो म्हणजे काय? हा आमचा सण आहे! आम्हीही इथेच राहतो!" इंग्रजीत सुरू झाले ते मराठीवर घसरले. मागे रांग थांबलेली. "सांग त्याला," मी लेकीला ढोसलं. माणसाने खिशातून एक कार्ड काढून पुढे धरलं. त्यावर लाल शर्टाचं चित्र आणि त्यावर फुली. तेव्हा कुठे कळलं, त्या दिवशी समोरची टीम लाल कपड्यांतली होती. पिवळ्या टीमच्या स्टँडमध्ये तो रंग घालून बसायचं नाही, हा नियम सगळ्यांनाच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक पुढे झाली, माझ्याकडे बोट करून हळू आवाजात काहीतरी बोलली आणि वाकली. माणसाने मान हलवली. तेवढ्यात मैत्रिणीची आई आतून धावत आली; लेक तिच्याशीही तसंच हळू काहीतरी बोलली. आम्ही दोघी पहिल्यांदाच भेटत होतो. तिने अंगातला पिवळा शर्ट काढून लेकीच्या पोलक्यावर चढवला, मला पिवळा रेनकोट दिला आणि स्वतः साध्या बनियनवर कोट घालून उभी राहिली.

आत लेक मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होती. सगळी गाणी तिला पाठ! कधी शिकली कोण जाणे. मी रेनकोट गळ्यापर्यंत बंद करून मागे बसले.

मध्यंतरात मैत्रिणीच्या आईने गरम चहा आणून दिला. मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत हसून म्हणाली, "शेजारच्या काकू आल्या, बरं झालं. हिची आई का नाही आली?"

काकू. म्हणजे दारात लेकीने हे सांगितलं होतं.

लेक शेजारीच उभी होती. गाणं थांबलं होतं, चेहरा पांढराफटक. सकाळी लाज काढली होती मी तिची, आणि आता माझ्या एका शब्दावर तिची एकुलती एक मैत्री टिकून होती. गरम कप दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि माझ्या त्या भाजी-कचऱ्याच्या जपानीत कसंबसं जुळवलं, "तिच्या आईला बरं नाही."